मंगळवारची तपासणी

लियूकाकांच्या हातात कुठलीही वस्तू फुकट ठेवली, की ते आधी ती उलटी करून बघत. लायब्ररीने वाटलेली कापडी पिशवी असो, बँकेतलं पेन असो, नाहीतर माझ्या दिवाळीच्या चकल्यांची ताटली असो. खालची बाजू बघून झाली की वास घ्यायचा, बोटाच्या पेराने टकटक करायचं आणि मग चष्म्याच्या वरून देणाऱ्याकडे रोखून बघत विचारायचं, "फ्री? व्हाय फ्री?" चकल्यांची ताटली मात्र त्यांनी उलटी केली नाही. ती डोक्याच्या वर धरली आणि खालून वाकून बघितली.

ही २००४च्या दिवाळीची गोष्ट. नेपरव्हिलमध्ये आमच्या टाउनहाउसच्या ओळीत, दोन घरं सोडून, वेइ राहायचा. वेइ आणि माझा नवरा श्रीकांत शिकागोतल्या एकाच क्लायंटकडे कामाला होते, सकाळी एकाच ट्रेनने जायचे. वेइची बायको मिंग हीसुद्धा नोकरी करायची आणि त्यांची मुलगी होती आठ महिन्यांची. तिला सांभाळायला चीनहून वेइचे वडील आले होते. आडनाव लियू. वयाने मोठा माणूस दिसला की काका म्हणायचं ही आपली खोड व्हिसावर शिक्का बसला म्हणून काही जात नाही, त्यामुळे ते पहिल्या दिवसापासून लियूकाका झाले.

त्यांच्या त्या टकटकीचा मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. मी स्वतः जन्माची संशयी. नागपूरला सरकारी इस्पितळासमोरच्या औषधाच्या दुकानात मी आठ वर्षं फार्मासिस्ट होते. चिठ्ठीवरची सही डॉक्टरची आहे की पेशंटच्या मेव्हण्याची, हे मी अक्षराच्या वळणावरून सांगायची. इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून, काम करायची परवानगी नाही. सर्टिफिकेट बॅगेत राहिलं, पण संशय काही बॅगेत राहत नाही. तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन बसला. कोणाचा कुत्रा कोणाच्या गवतावर, कोणाकडे पाहुणे किती दिवस, सगळं मला ठाऊक. श्रीकांत म्हणायचा, "यार सुनीता, तू ना, एअरपोर्टवर सिक्युरिटीत जॉब घे. प्लेन उडणारच नाही एकही."

ताटली तिसऱ्या दिवशी परत आली. रिकामी नाही, त्यांच्यातही तशी पद्धत नाही. त्यात वाफवलेले सहा गोळे होते, मोदकाच्या चुलत भावांसारखे, पांढरे, वरून चिमटलेले. मी एक फोडला, वास घेतला, काही कळेना. आम्ही शाकाहारी. शेवटी वेइला ऑफिसात फोन लावला. "वेइ, यात मीट आहे का?" त्याने घरी फोन करून वडिलांना विचारलं आणि मला परत फोन केला. "कोबी आहे," तो म्हणाला. मग जरा घुटमळून म्हणाला, "बाबा विचारतायत, तुमच्या त्या गोल तळलेल्यात काय आहे? त्यांनी अजून खाल्ले नाहीत." म्हणजे दोन्ही घरांत एकमेकांचा फराळ चौकशीसाठी राखून ठेवलेला. आमची मैत्री जमली ती इथून.

त्यांना इंग्रजीचे शंभरेक शब्द यायचे. लायब्ररीच्या फुकट वर्गात, अर्थातच संशयाने, शिकलेले. त्या शंभरांत ते सगळा संसार बसवायचे. लांबलचक काही असलं की वेइ सांगायचा, ते मी इथे मराठीत देते आहे. त्यांचं वय सहासष्ट. दिसायचे मात्र पंचाहत्तरचे. पाठ वाकलेली, डाव्या बाजूचे दात गेलेले, बोटांची पेरं सुपारीसारखी फुगलेली, उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. सकाळी नातीला बाबागाडीत घालून निघायचे आणि ती झोपली की गाडी ओढत चक्क उलटे चालायचे. समोरच्या गोऱ्या आजी एकदा रस्ता ओलांडून मला विचारायला आल्या, "तो माणूस ठीक आहे ना?" मी म्हटलं, "अगदी ठीक आहे, त्यांच्याकडे तसा व्यायाम करतात." मला काही माहीत नव्हतं. पण माझ्या माणसावर दुसऱ्या कोणी संशय घ्यावा हे मला चालत नाही.

कचऱ्याच्या दिवशी ते लोकांनी बाहेर ठेवलेल्या वस्तू न्याहाळत हिंडायचे. खुर्ची, दिवा, मुलांची सायकल. त्याही उलट्या करून. पसंत पडली तर गराजमध्ये नेऊन दुरुस्त करायचे. चीनच्या ईशान्येकडच्या एका थंड, कारखान्यांच्या शहरात त्यांनी एकतीस वर्षं लेथवर काढली होती. माझ्या प्रेशर कुकरचा दांडा तुटला होता. भारतातून आणलेला कुकर, इथे त्याचा दांडा मिळणार कुठे? त्यांनी कुकर मागून नेला आणि दोन दिवसांनी लाकडाचा नवा दांडा बसवून आणला, असा की मूळ कंपनीवाल्याने लाजावं. मी कुकर उलटा करून बघितला आणि म्हटलं, "फ्री? व्हाय फ्री?" ते इतके हसले की त्यांना खोकला आला.

त्या प्रश्नामागचं कारण वेइने एकदा आमच्याकडे जेवताना सांगितलं. कारखान्याचा स्वतःचा दवाखाना होता. डॉक्टर, औषध, इंजेक्शन, सगळं फुकट. माणूस कारखान्यात लागला की मरेपर्यंत त्याच्या दुखण्याची काळजी कारखान्याची. मग कारखाना डबघाईला आला. एका सकाळी लियूकाकू नेहमीप्रमाणे मूत्रपिंडाच्या औषधासाठी गेल्या, तर दवाखान्याला कुलूप. तोच डॉक्टर महिन्याभरात पलीकडच्या रस्त्यावर स्वतःचं दुकान टाकून बसला. तेच औषध, तोच हात, आता पैसे मोजून. काकू पुढे दीड वर्ष जगल्या. वेइ हे सांगत होता तेव्हा लियूकाका पोळीचा तुकडा बोटांनी चपटा करत होते. त्यांना तो काय सांगतोय ते कळलं असावं. मग आपल्या भाषेत काहीतरी बोलले. वेइ म्हणाला, "बाबा म्हणतायत, सावलीला भाडं नसतं, पण झाड कोणाचं ते विचारून बसावं."

जानेवारीत एकदा ते कुकरची रिंग बघायला आले होते. जिना चढून वर आले आणि कठडा धरून उभे राहिले. कानाच्या पाळ्या लालबुंद. हात मानेच्या मागे. दुकानात आठ वर्षं काढलेल्या बाईला एवढं पुरतं. सासूबाई मागच्या वर्षी आल्या होत्या तेव्हा घेतलेलं रक्तदाबाचं यंत्र कपाटात होतं. पट्टा बांधण्याआधी त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, हे सांगायला नकोच. आकडा आला एकशे ब्याण्णव, खाली एकशे बारा. मी फोन उचलला तसा त्यांनी माझा हात धरला. एरवी दोन हात लांब उभा राहणारा माणूस. "वेइ नो. वेइ नो नो."

त्यांची भीती मला समजत होती. ते पाहुण्यांच्या व्हिसावर आलेले. वेइने त्यांचा प्रवासी विमा काढला होता, पण त्यात जुनं दुखणं धरत नाहीत. लायब्ररीच्या वर्गातल्या कोणा म्हाताऱ्याने त्यांना सांगितलं होतं की इथे बाप एकदा इस्पितळात गेला की मुलाचं घर जातं. खरं-खोटं देव जाणे. पण लियूकाकांनी मनाशी पक्कं केलं होतं की आपण आजारी पडायचं नाही, आणि पडलोच तर वेइला कळू द्यायचं नाही. मग आमचा सौदा ठरला. त्यांच्याजवळ तिकडून आणलेल्या गोळ्या होत्या. त्या त्यांनी रोज एक घ्यायची आणि दर मंगळवारी दहा वाजता माझ्याकडे येऊन दाब मोजायचा. दाब उतरला नाही तर मी वेइला सांगणार. गोळ्यांचं पाकीट मी मागून बघितलं. सगळं चिनी, एक अक्षर कळलं नाही. "वन डे, वन?" मी दरडावलं. "वन डे, वन," त्यांनी शाळकरी पोरासारखी मान हलवली.

पुढच्या मंगळवारी दाब एकशे अठ्ठावन्न. त्याच्या पुढच्या मंगळवारी एकशे अठ्ठेचाळीस. मग एकशे बेचाळीस. मी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहीत गेले. ते आकड्यांकडे बघून यंत्रावर प्रेमाने टकटक करायचे आणि म्हणायचे, "मशीन नो लाय. पीपल लाय." लेथवाल्या माणसाचं तत्त्वज्ञान. मी मग चहा करायची, त्यांना बिनदुधाचा, मला दुधाचा. माझ्या कपात दूध पडताना ते दर वेळी तोंड वाकडं करायचे.

चार वर्षं मी कोणाला एक क्रोसिनची गोळी दिली नव्हती. आता माझा एक पेशंट होता आणि तो बरा होत होता. श्रीकांतला रोज ऐकवायची. तो म्हणायचा, "फीज किती घेतेस?" त्या तीन महिन्यांत मी खिडकीशी कमी उभी राहिले, एवढं मला आठवतं.

एप्रिलमध्ये लियूकाकांचे सहा महिने संपत आले. नातवंडं सांभाळायची त्यांची पद्धत आपल्यासारखीच होती. व्हिसा सहा महिन्यांचा, म्हणून सहा महिने मुलाकडचे आणि सहा महिने मुलीकडचे. एक व्याही उठला की दुसऱ्याने त्याच गादीवर पाठ टेकायची. मिंगचे वडील, मिस्टर झाओ, लियूकाकांची पाळी संपायच्या दहा दिवस आधीच येऊन थडकले. प्रांताच्या उद्योगखात्यातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले. वय अडुसष्ट, म्हणजे लियूकाकांपेक्षा दोन वर्षांनी मोठे. आणि दिसायचे धाकट्या भावासारखे. पाठ ताठ, दात सगळे जागेवर, तळव्यांची कातडी मऊ. त्यांच्या बॅगेत औषधांचा एक डबा होता, वारांचे कप्पे पाडलेला. दर वर्षी अधिकाऱ्यांच्या वेगळ्या वॉर्डात त्यांची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी व्हायची, आणि हे सगळं हुद्द्याबरोबर आलेलं, निवृत्तीनंतरही चालू. दाब त्यांनाही होता, दहा वर्षांपासून. रोज एक गोळी घेत आणि विसरून जात.

दोघं एका स्वयंपाकघरात उभे राहिले की मला बघवत नसे. झाओ लियूकाकांना सल्ले द्यायचे. मीठ कमी खा, दुपारी झोपा, काळजी करू नका. लियूकाकांनी एकदा भाजी निवडता निवडता काहीतरी उत्तर दिलं आणि वेइ हसू दाबत मला म्हणाला, "बाबा म्हणतायत, ह्यांची काळजी करायला सरकारने माणूस ठेवला होता. आमची आम्हालाच करावी लागते, म्हणून सवय लागली." आमच्या नागपूरलाही क्लास वन अधिकारी साठीत बॅडमिंटन खेळतो आणि त्याचा शिपाई साठीत काठी घेतो. पण तिथे ते एका टेबलावर जेवायला बसत नाहीत, म्हणून आपल्या लक्षात येत नाही.

लियूकाकांच्या शेवटून दुसऱ्या मंगळवारी झाओही आमच्याकडे आले. त्यांचं इंग्रजी बेताचं, पण एकेक शब्द घासूनपुसून ठेवलेलं. लियूकाकांचा दाब आला एकशे अडतीस. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना फ्रिजवरचं कॅलेंडर दाखवलं. झाओंनी त्या लाल आकड्यांवरून वरून खाली बोट फिरवलं.

"नेहमी मंगळवारीच?" त्यांनी विचारलं.

"हो, दहा वाजता."

"आणि हे यांना आधीपासून माहीत असतं."

"म्हणजे काय! ठरलेलंच आहे आमचं."

लियूकाका बाहेर पायरीवर बसून बूट घालत होते तेवढ्यात झाओ दारात थांबून हळू आवाजात मला म्हणाले, "मॅडम, मी सत्तावीस वर्षं कारखान्यांच्या तपासणीला जात होतो. तपासणीचा वार कधी कळवायचा नसतो."

मला पहिला संशय आला तो झाओंचाच. व्याह्याचं बरं चाललेलं बघवत नसेल, दुसरं काय! साहेबी गेली तरी खोट काढायची सवय जात नाही म्हणतात ते हेच. पण पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. बुधवार गेला, गुरुवार गेला, मी भांडी घासताना, कपडे घडी घालताना तेच ते घोळवत राहिले. शुक्रवारी दुपारी यंत्राची पिशवी घेतली, त्यांचा एक वाडगा परत करायचं निमित्त केलं आणि त्यांच्या दारावर टकटक केली.

लियूकाका नातीला भात भरवत होते. माझ्या हातातली पिशवी दिसली आणि त्यांचा चमचा हवेत थांबला. "टुडे फ्रायडे," ते म्हणाले.

"आय नो," मी म्हटलं.

"टुडे फ्रायडे," ते पुन्हा म्हणाले, मला वार चुकला असेल अशा आशेने.

दाब दोनशे चार. खाली एकशे सोळा. मी आकडा त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, "पिल?" ते उठले, वर गेले आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. डबा गोळ्यांच्या पाकिटांनी भरलेला. रोज एक घेतली असती तर एव्हाना तळ दिसायला हवा होता. संपलेली पाकिटं होती दोन, आणि तिसऱ्यातल्या थोड्या गोळ्या गेलेल्या. मी हिशेब न करताच समजले. दर मंगळवारी सकाळी दोन. बाकीचे सहा दिवस काही नाही.

मला वाटलं होतं ते शरमतील. तसं काही नाही. उलट एखाद्या नव्या कामगाराला समजावावं तसे त्यांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं, हातवारे करून, सावकाश. "इन्स्पेक्शन डे, ऑल मशीन रन. अदर डे, हाफ मशीन रन. सेव्ह ऑइल." एकतीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. साहेब यायच्या दिवशी फरशी धुवायची, सगळी यंत्रं चालू करायची, साहेब गेले की तेल वाचवायचं. तिकडे गेल्यावर या गोळ्या आपल्या पैशाने घ्याव्या लागणार, त्या इथे उधळायच्या कशाला? आणि माझ्याकडे बघून, अगदी सरळ मनाने म्हणाले, "ट्यूजडे, यू हॅपी. आय हॅपी. वेइ नो वरी."

मी त्याच संध्याकाळी वेइला सगळं सांगितलं. तो जिन्यावर बसून राहिला. मुलाने रडावं अशी जागा त्या घरात दुसरी नव्हती. झाओ वर जाऊन आपला औषधांचा डबा घेऊन आले आणि तो आख्खा व्याह्यांपुढे ठेवला. म्हणाले, मला पाहिजे तेवढ्या आणखी मिळतात, या तुम्ही घ्या. लियूकाकांनी डबा उलटा केला नाही, टकटक केली नाही. एका बोटाने परत सरकवला. ते जे बोलले ते वेइने मला नंतर सांगितलं. "यांच्या गोळ्या यांच्या हुद्द्याच्या आहेत. मला लागू पडणार नाहीत." झाओंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्या माणसाची मला पहिल्यांदा कीव आली.

वेइने दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या, वेइने सहा महिन्यांच्या विकत घेतल्या, नव्वद-नव्वदच्या दोन बाटल्या. लियूकाका त्यानंतर आमच्याकडे फिरकले नाहीत. शेवटचा मंगळवार आला, मी दहाला पाणी उकळत ठेवलं, साडेदहाला गॅस बंद केला. जायच्या दिवशी गाडीत सामान चढवत होते तेव्हा मी बाहेर गेले. ते पुढच्या सीटवर बसलेले. काच खाली करून माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "यू, गुड इन्स्पेक्टर. बॅड नेबर." वेइ गडबडून म्हणाला, "ते गमतीने बोलतायत." ते गमतीने बोलत नव्हते. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत राहिले आणि मग घरात येऊन श्रीकांतशी विनाकारण भांडले.

उन्हाळाभर वेइ दर रविवारी वडिलांना फोन करायचा. गोळी घेता ना? घेतो. रोज? रोज. मी त्याच्याकडून ऐकायची. स्वतः एकदाही बोलले नाही. "बॅड नेबर" मला झोंबलं होतं. आणि खरं म्हणजे, आता त्यांच्याजवळ चांगलं औषध होतं, मुलाला सगळं माहीत होतं, माझं काम संपलं असं मी धरून चालले. सप्टेंबरअखेर वेइ त्यांना पुढच्या सहा महिन्यांसाठी आणायला जाणार होता. मी त्याच्याजवळ चकल्या द्यायचंही ठरवलं होतं.

वेइचं विमान निघायच्या आदल्या दिवशी तिकडून फोन आला. लियूकाका बाजारातून कोबी घेऊन येताना रस्त्यात कोसळले. मेंदूत रक्तस्राव. लोकांनी जवळच्या इस्पितळात नेलं, तिथे आधी अनामत भरा म्हणाले, शेजारी पैसे गोळा करून येईपर्यंत ते बाकावर होते. वेइ पोहोचला तो थेट अंत्यविधीला.

तीन आठवड्यांनी तो परत आला. आमच्या टेबलापाशी बसला आणि खिशातून गोळ्यांच्या दोन्ही बाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. एकीचं सील तसंच होतं. दुसरी उघडलेली. "मी मोजल्या," तो म्हणाला. "चार कमी आहेत." मी विचारलं, चारच का? तो म्हणाला, "मी येणार म्हणून. त्यांनी सुरू केल्या होत्या." श्रीकांत उठून खिडकी उघडायला गेला, ती आधीच उघडी होती.

झाओ अजून इथेच होते. घरात सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी मुक्काम वाढवून घेतला होता. त्या आठवड्यात एका सकाळी ते एकटेच आमच्याकडे आले. मी त्यांना चहा दिला. ते कप हातात धरून बसले. उन्हात त्यांचा चेहरा तुकतुकीत दिसत होता आणि मला त्यांचा भयंकर राग आला. त्या दातांचा, त्या ताठ पाठीचा, त्या वारांच्या कप्प्यांचा. म्हणून मी मुद्दाम विचारलं, "तुम्हाला एवढं कळत होतं, मग सत्तावीस वर्षं तपासणीला जाऊन तुम्ही काय केलंत?"

त्यांना राग आला नाही. "वार कळवायचा नाही असा नियम होता," ते म्हणाले. "पण तो नेहमीच कळायचा. आम्ही पोहोचायचो तेव्हा फरशी ओली असायची, ताज्या रंगाचा वास यायचा. आमच्या लक्षात यायचं, मॅडम. दर वेळी यायचं."

"मग अहवालात काय लिहायचात?"

"चांगलं."

"का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "आम्हालाही चांगलंच बघायचं असायचं," ते म्हणाले. मग उठले, मला किंचित वाकून नमस्कार केला आणि गेले.

मी दार लावलं आणि त्यांना मनातल्या मनात लाखोली वाहायला घेतली. पण ती पुढे सरकेना, कारण मला फेब्रुवारीतला एक रविवार आठवला. तो मी श्रीकांतलाही कधी सांगितला नव्हता. रात्रभर बर्फ पडलं होतं आणि लियूकाका फावड्याने वेइच्या दारापुढचं बर्फ ओढत होते. मी खिडकीतून बघत होते. ते मध्येच थांबले. फावडं सुटलं. त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला, डोकं खाली घातलं आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. कान लालबुंद. जानेवारीत जिन्यावर होते अगदी तसेच. मला दिसलं. मला कळलंही, आठ वर्षं उगाच नाही काढली दुकानात. पण फ्रिजवर एकशे बेचाळीस लिहिलेलं होतं, लाल पेनने, माझ्या अक्षरात. मंगळवारी बघू, असं म्हणून मी पडदा सोडला आणि चहा टाकायला वळले.